शासकीय निविदा, मध्यस्थ आणि औषधनिर्मात्याचे उत्तरदायित्व

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण. हे चारही पाद गुणसंपन्न असतील तरच व्याधी बरा होतो, असा आचार्यांचा सिद्धान्त आहे. या चौघांत पाचव्या कोणाला स्थान नाही. तथापि, जिल्हा परिषदेच्या आयुर्वेदिक दवाखान्यात रुग्णाच्या हाती पडणारी चूर्णाची पुडी आज ज्या मार्गाने येते, त्या मार्गावर द्रव्य आणि वैद्य यांच्या मध्ये आणखी एक व्यक्ती बहुधा उभी असते. ती म्हणजे निविदा भरून औषधपुरवठा करणारा मध्यस्थ व्यापारी. औषध तो तयार करीत नाही, रुग्णास तो देत नाही. परंतु त्या औषधाचा दर कोणता, ते कधी व किती पाठवावयाचे, हे बव्हंशी तोच ठरवितो.

आपल्या संघटनेच्या अनेक सभासदांच्या स्वतःच्या औषधनिर्माणशाळा आहेत. त्यांच्याकडे असे मध्यस्थ वर्षातून एक-दोन वेळा तरी येतात. त्यांच्याशी व्यवहार करावा की करू नये, केल्यास कोणत्या मर्यादेत करावा, याविषयी आपल्यात खाजगी चर्चा पुष्कळ होते. लिहून मात्र फारसे कोणी ठेवीत नाही. तो विषय येथे क्रमाने मांडण्याचा विचार आहे.

मध्यस्थ का येतो?

प्रथम एक गोष्ट निःपक्षपातीपणे मान्य केली पाहिजे. मध्यस्थ हा प्रत्येक वेळी अनिष्टच असतो असे नाही. शासकीय निविदेत भाग घ्यावयाचा तर मागील तीन वर्षांच्या उलाढालीची अट, बयाणा रक्कम, सुरक्षा ठेव, ई-निविदेची तांत्रिक पूर्तता, शपथपत्रे आणि शेकडो पृष्ठांची कागदपत्रे सांभाळावी लागतात. पुरवठा आदेश मिळाल्यावर माल एका ठिकाणी उतरविला म्हणजे काम संपत नाही. तालुक्या-तालुक्यांतील दवाखान्यांपर्यंत पोहोचवून पोहोच घ्यावी लागते. देयक मंजूर होण्यास महिनोन्‌महिने लागतात. चार खलबत्ते, एक पल्व्हरायझर आणि दहा-बारा कामगार एवढ्यावर चालणाऱ्या निर्माणशाळेला इतके भांडवल अडकवून ठेवणे परवडत नाही. हा भार जो व्यापारी खरोखर उचलतो, त्याने त्याबद्दल वाजवी नफा घेण्यात गैर काही नाही.

अडचण तेथे सुरू होते जेथे मध्यस्थाची सेवा नाममात्र असते आणि नफा मात्र औषधाच्या घटकद्रव्यांतून काढावयाचा असतो. म्हणून ‘हा गृहस्थ नेमके कोणते काम करणार आहे आणि त्याचे पैसे कोठून येणार आहेत?’ हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारावा. सरळ उत्तर मिळाले तर पुढे जावे.

कायद्याची चौकट

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांसाठी चौथा-अ हा स्वतंत्र विभाग आहे. या विभागाची एक विशेषता आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या लक्षात आलेली नसते. ॲलोपॅथीची औषधे विकण्यास विक्री परवाना लागतो. आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीस परवाना लागतो, पण केवळ विक्रीसाठी तसा स्वतंत्र परवाना या कायद्यात आवश्यक केलेला नाही. परिणामी आज स्टेशनरी पुरविणारा व्यापारी उद्या त्रिफळा चूर्ण पुरवू शकतो. त्याच्याकडे औषधांचे ज्ञान असणारी व्यक्ती, योग्य गोदाम किंवा तपासणीची सोय असलीच पाहिजे, असे बंधन या विभागाने घातलेले नाही.

याचा अर्थ तो सर्वस्वी मोकळा आहे असे नव्हे. बनावट, भेसळयुक्त किंवा खोट्या लेबलाचे औषध विकणे व साठविणे यास कलम ३३-ईईसी अन्वये मनाई आहे, आणि ती त्यालाही लागू आहे. परंतु कलम ३३-केए काय सांगते ते पाहावे. निर्माता अथवा त्याचा वितरक नसलेल्या विक्रेत्याकडे निरीक्षकाने विचारणा केल्यास, माल कोणाकडून घेतला त्याचे नाव-पत्ता त्याने सांगावा. म्हणजे चौकशीचा पहिला प्रश्न आला की मध्यस्थ आपले नाव पुढे करणार, आणि तसे करणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्यच आहे. तेथून पुढे सगळी उत्तरे आपणांस द्यावयाची असतात. कलम ३३-केबी प्रमाणे परवानाधारकाने नोंदी ठेवणे व मागितल्यास माहिती पुरविणे बंधनकारक आहे.

कलम ३३-ईईए मधील ‘बनावट’ या संज्ञेची व्याप्तीही ध्यानात घ्यावी. एका औषधाच्या नावाखाली दुसरे औषध विकणे, पूर्णतः किंवा अंशतः अन्य द्रव्य घालणे, अस्तित्वात नसलेल्या निर्मात्याचे नाव छापणे, किंवा ज्या निर्मात्याने माल बनविलाच नाही त्याचे नाव लावणे, हे सारे त्यात येते. अशा औषधाच्या निर्मिती-विक्रीस किमान एक वर्ष ते तीन वर्षांपर्यंत कारावास आणि शिवाय दंड अशी शिक्षा आहे. ‘मी माल मध्यस्थाला दिला होता, सरकारला नव्हे’ हा युक्तिवाद येथे टिकत नाही. लेबलावर ज्याचे नाव, उत्तर देणारा तो.

दराचे गणित : सितोपलादीचे उदाहरण

सचोटीचा प्रश्न बहुतेक वेळा लाचेच्या रूपाने समोर येत नाही. तो दराच्या रूपाने येतो. मध्यस्थ म्हणतो, “दर थोडा खाली आणा, बाकी मी पाहतो.” हे ‘थोडे’ कोठून आणावयाचे ते पाहू.

सितोपलादी चूर्णाचे प्रमाण आपणां सर्वांस मुखोद्गत आहे : सिता १६ भाग, वंशलोचन ८, पिप्पली ४, एला २ आणि त्वक् १. एकूण ३१ भाग. ३१ किलोची एक बॅच घेतली तर त्यात १६ किलो खडीसाखर, म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक. उरलेल्या १५ किलोंत वेलची, नैसर्गिक वंशलोचन आणि पिंपळी ही महाग द्रव्ये आहेत. कामगारांचे वेतन, वीज, डबी व लेबल यांचा खर्च कमी होऊ शकत नाही. साखर आधीच स्वस्त आहे. मग मध्यस्थाने मागितलेली पंचवीस टक्के सूट कोणत्या द्रव्यातून निघणार? उत्तर उघड आहे. वेलची दोनाऐवजी एक किलो, पिंपळी चाराऐवजी दोन किलो आणि त्या जागी तीन किलो साखर घातली की वजन पुन्हा ३१ किलो भरते. साखरेचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून ६१ टक्क्यांवर जाते. वंशलोचनाच्या जागी बाजारात त्याच नावाने मिळणारा कृत्रिम पांढरा पदार्थ आला तर खर्च आणखी उतरतो. चूर्ण पांढरट दिसते, गोड लागते, भांडारात वजन बरोबर भरते. कोणाचीही तक्रार येत नाही.

तक्रार येत नाही याचे कारण रुग्ण तक्रार करण्याच्या स्थितीत नसतो. आश्रमशाळेतील खोकणारे मूल किंवा वाडीवरची वृद्धा औषधाने गुण आला नाही तर एवढेच म्हणते की, “सरकारी औषध आहे, त्याने काय होणार?” आणि काही दिवसांनी म्हणते, “आयुर्वेदाने काय होणार?” आपल्या शास्त्राची अप्रतिष्ठा प्रथम येथे होते. वृत्तपत्रांतून येणारी टीका ही पुढची गोष्ट आहे.

सितोपलादीचे जे, तेच अन्य कल्पांचे. अशोकारिष्टासाठी खऱ्या अशोकाच्या सालीऐवजी रस्त्याच्या कडेला लावला जाणारा उंच ‘खोटा अशोक’, दशमुळातील बृहत्पंचमुळाच्या मुळांऐवजी खोड, गुडूचीसत्त्वात पिष्ट, त्रिफळ्यात बीसह दळलेला आवळा, अश्वगंधाच्या मुळाबरोबर पाने. या शेवटच्या प्रकाराविरुद्ध आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये निर्मात्यांना पाने न वापरण्याविषयी स्पष्ट सूचना दिली होती. या सर्व अपप्रकारांच्या मुळाशी अज्ञानापेक्षा न परवडणारा दर अधिक वेळा असतो. न परवडणारा दर ज्या दिवशी कबूल केला, त्याच दिवशी औषधाचा दर्जा ठरला. पुढे दळणाऱ्या कामगाराला दोष देण्यात अर्थ नाही.

याकरिता प्रत्येक निर्मात्याने प्रत्येक कल्पाचा एक ‘अंतिम दर’ लेखी काढून ठेवावा. ग्रंथोक्त प्रमाणात, प्रमाणित द्रव्यांसह, परीक्षणखर्च धरून जो उत्पादनखर्च येतो त्याखाली कोणत्याही मोहाने उतरू नये. हा आकडा बैठकीपूर्वी काढलेला असावा. चहा घेता घेता काढलेला आकडा नेहमी कमीच निघतो.

एक स्वानुभव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. निविदेची प्रत घेऊन एक गृहस्थ माझ्याकडे आले. बोलणे सौजन्याचे, कागदपत्रे व्यवस्थित. त्यांनी परवान्याची प्रत, उत्तम निर्माण पद्धतीचे प्रमाणपत्र आणि त्यांना पुरवठ्याचा अधिकार देणारे प्राधिकारपत्र मागितले. मी आमच्या पत्रशीर्षावर, ‘सदर संस्था आमच्या औषधांचा पुरवठा करण्यास अधिकृत आहे’ असे एका ओळीचे पत्र सही-शिक्क्यानिशी दिले. निविदेचा क्रमांक लिहिला नाही, औषधांची यादी लिहिली नाही, मुदतही लिहिली नाही. त्या गृहस्थांनी आमच्याकडून त्या वर्षी थोडा माल नेला, पैसेही वेळेवर दिले. विषय संपला असे मी समजलो.

पुढील वर्षी एका ग्रामीण दवाखान्यातील परिचित वैद्यांचा दूरध्वनी आला. “तुमचे त्रिफळा चूर्ण या वेळी असे कसे? चव नाही, रंग फिका आहे.” त्यांनी सांगितलेला बॅच क्रमांक मी नोंदवहीत शोधला. तो आमचा नव्हताच. त्या महिन्यात आम्ही त्रिफळ्याची बॅच काढलेलीच नव्हती. लेबल मात्र हुबेहूब आमचे. माझे मुदत नसलेले पत्र दुसऱ्या निविदेत जोडले गेले होते आणि कोठे तरी दळलेले चूर्ण आमच्या नावाने दवाखान्यांत पोहोचले होते.

मी त्याच आठवड्यात अन्न व औषध प्रशासनाला आणि खरेदी करणाऱ्या कार्यालयाला लेखी कळविले. चौकशीत मला जे प्रश्न विचारले गेले ते सर्व रास्त होते : हे पत्र तुमचे आहे काय? सही तुमची आहे काय? मुदत का लिहिली नाही? पहिल्या दोन प्रश्नांना ‘होय’ म्हणावे लागले, तिसऱ्याला उत्तर नव्हते. मला तारले ते बॅचच्या नोंदवहीने, कच्च्या मालाच्या खरेदीपावत्यांनी, छापखान्याकडून आलेल्या लेबलांच्या हिशोबाने आणि प्रत्येक बॅचच्या राखीव नमुन्यांनी. तरीही ते प्रकरण मिटण्यास कित्येक महिने गेले. त्या काळात ज्या रुग्णांनी माझ्या नावावर विश्वासून ते चूर्ण घेतले, त्यांच्यापाशी मी कोणती नोंदवही दाखविणार होतो?

फसविणाऱ्याचा दोष त्याच्याकडे आहेच. पण दार उघडे मी ठेवले होते, हेही तितकेच खरे.

‘साथीची’ निविदा आणि टक्केवारी

पहिल्या फेरीत किमान तीन पात्र निविदा आल्याच पाहिजेत, अशी अट अनेक खरेदींत असते. ती भरून काढण्यासाठी मध्यस्थ कधी कधी विनंती करतो, “तुम्हांला पुरवठा करावयाचा नाही, फक्त जास्त दराची एक निविदा भरा.” स्नेहापोटी पुष्कळ जण होकार देतात. यात आपले काही जात नाही असे वाटते. वस्तुतः हा स्पर्धेचा केवळ देखावा होय. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ मध्ये निविदाप्रक्रियेत संगनमत करण्यास स्पष्ट प्रतिबंध आहे. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील १७५ व्या नियमात सचोटीची जी संहिता दिली आहे, तीतही असे संगनमत निषिद्ध आहे. मध्यस्थाचे काम होऊन जाते. काळ्या यादीत जाण्याची पाळी आपल्यावर येते.

टक्केवारीचेही तसेच. ‘वरचा खर्च मी पाहतो, तुम्ही त्यात पडू नका,’ असे सांगितले जाते. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. शिक्षा सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची आहे. लाच स्वतः दिली की तिऱ्हाइतामार्फत, यास महत्त्व नाही. व्यापारी संस्थेच्या वतीने काम करणाऱ्या व्यक्तीने संस्थेच्या लाभासाठी लाच दिली तर संस्थाही जबाबदार धरली जाते. कोणी सक्तीने लाच द्यावयास लावली असेल तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेस कळविणाऱ्यास कायद्याने संरक्षण दिले आहे. तेव्हा ‘माहीत नाही’ असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

परीक्षण अहवाल आणि मुदत

निविदेसोबत प्रयोगशाळेचा अहवाल मागितला जातो. केवळ वनस्पतिजन्य औषधांसाठी शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम या मर्यादा आपल्या परिचयाच्या आहेत. अपप्रकार असा होतो की एका उत्तम बॅचचा अहवाल वर्षभर सगळ्या बॅचना लावला जातो. मध्यस्थाने बॅच क्रमांक नसलेला किंवा ‘नमुना’ म्हणून काढलेला अहवाल मागितल्यास देऊ नये. अहवाल त्या विशिष्ट मालाचा असतो, आपल्या कीर्तीचा नव्हे.

दुसरा मुद्दा साठवणुकीचा. शार्ङ्गधराने चूर्णाचा सवीर्यताकाल दोन महिने सांगितला आहे. आजच्या नियमांप्रमाणे चूर्णास दोन वर्षांची मुदत मिळते. ही सवलत उत्तम वेष्टन व कोरडी साठवण गृहीत धरूनच पचते. पुरवठा आदेशाची वाट पाहत माल मध्यस्थाच्या गोदामात सगळा पावसाळा पडून राहिला, तर लेबलावरची तारीख खरी असूनही चूर्ण हीनवीर्य झालेले असते. म्हणून पुरवठा आदेश हाती आल्याखेरीज माल पाठवू नये, आणि शक्य तेथे तो मध्यस्थाच्या गोदामात न नेता निर्माणशाळेतून थेट भांडारात उतरवावा. जुन्या मालावर नवी तारीख छापण्याची विनंती आल्यास तो व्यवहार तेथेच थांबवावा. तिचा विचारही करू नये.

दवाखान्यातील वैद्यबंधूंची भूमिका

या साखळीत औषध शेवटी वैद्याच्या हाती येते. दवाखान्यात काम करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना रूप, रस, गंध, स्पर्श यांनी द्रव्य ओळखण्याचे शिक्षण मिळालेले आहे. खोके उघडून पाहिल्याशिवाय पोहोचेच्या कागदावर सही करू नये. प्रत्येक बॅचची एक डबी उघडावी, चाखावी, शंका आल्यास लेखी कळवावे आणि शक्य असल्यास लेबलावरील निर्मात्याशी संपर्क साधावा. मला कळले ते एका वैद्यांच्या अशाच जागरूकतेने. औषधांची मागणी नोंदविताना ग्रंथोक्त नाव, ग्रंथाधार आणि औषधकोशातील प्रमाण लिहावे. विशिष्ट नाममुद्रेलाच बसेल असे वर्णन लिहून देण्याची गळ कोणी घातल्यास ती नाकारावी.

व्यवहाराचे पथ्य

मध्यस्थाशी व्यवहार करावयाचाच असेल तर पुढील पथ्ये पाळावीत, असे अनुभवांती सुचवावेसे वाटते.

१. प्राधिकारपत्रात निविदेचा क्रमांक, खरेदी करणारे कार्यालय, औषधांची नावे, कमाल परिमाण आणि शेवटची तारीख लिहावी. त्याची प्रत आपणच खरेदी कार्यालयाला स्वतंत्रपणे पाठवावी.

२. सही केलेले कोरे पत्रशीर्ष, सुटी लेबले अथवा छपाईचा साचा कोणालाही देऊ नये. छापलेली, वापरलेली व नष्ट केलेली लेबले यांचा हिशोब ठेवावा.

३. दुसऱ्या ठिकाणी बनलेला माल आपल्या नावाने देऊ नये. जागा व यंत्रे दुसऱ्याची वापरावयाची असतील तर कायद्यात ऋण-परवान्याची तरतूद आहे. ती रीतसर वापरावी.

४. प्रत्येक पुरवठ्यासोबत बॅच क्रमांकांची यादी थेट खरेदी कार्यालयास पाठवावी. यादीत नसलेली बॅच आपली नव्हे, हे त्यात स्पष्ट लिहावे.

५. प्रत्येक बॅचचा राखीव नमुना मुदत संपेपर्यंत जपावा.

६. ‘सरकारकडून पैसे आले की देतो’ ही अट मान्य करू नये. निर्माणशाळेची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल तर २००६ च्या अधिनियमानुसार खरेदीदाराने लेखी करारातही ४५ दिवसांहून अधिक मुदत घेता येत नाही. विलंबास चक्रवाढ व्याज लागते. मध्यस्थ हाच आपला खरेदीदार होय. अडकलेले पैसे हे पुढच्या बॅचमध्ये काटछाट करण्याचे मोठे निमित्त ठरते.

७. शक्य असेल तेथे स्वतः निविदा भरावी. केंद्र शासनाच्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २०१२ च्या खरेदी धोरणात उत्पादकास बयाणा रकमेतून सूट आहे. व्यापाऱ्यास ती नाही. चार-पाच लहान निर्मात्यांनी एकत्र येऊन सहकारी तत्त्वावर वितरणाची सोय केली तर मध्यस्थाची गरजच पुष्कळ अंशी कमी होईल. यात आपल्या संघटनेने पुढाकार घेण्यासारखा आहे.

समारोप

ही पथ्ये पाळणाऱ्याच्या हातून काही निविदा जातील, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. माझ्याही गेल्या. ज्या वर्षी एक मोठा पुरवठा सोडून द्यावा लागला त्या वर्षी दिवाळीला कामगारांना नेहमीइतका बोनस देता आला नाही, याची खंत आजही आहे. सचोटीची किंमत मालक एकटा भरत नाही, त्याच्यावर अवलंबून असणारेही भरतात. म्हणूनच हा प्रश्न एकेकट्याने सोडवावयाचा नाही. परवडत नसलेला दर एकाने नाकारला तर मध्यस्थ शेजारच्या गावी जातो. सर्वांनीच नाकारला तर त्याला आपला नफा औषधाबाहेर शोधावा लागेल, अथवा शासनाला दराचा फेरविचार करावा लागेल.

शासकीय दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाला औषध निवडण्याचा अधिकार नसतो. तो मेडिकल दुकानात जाऊन दुसरी डबी मागू शकत नाही. जे दिले ते तो घेतो आणि बरे होण्याची वाट पाहतो. त्याच्या वतीने निवड आपण, निर्माते आणि वैद्य, करीत असतो. पुढच्या वेळी निविदेची प्रत घेऊन कोणी दारात आले, तर दराचा आकडा उच्चारण्यापूर्वी त्या रुग्णाचे स्मरण ठेवावे, एवढीच नम्र विनंती.